काळा पडदा आणि आपलं मशीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळ, सावदा, रावेर या पट्ट्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचं काम करतो. एका जिनिंगचं ऑफिस, केळीच्या एका व्यापाऱ्याची हिशेबाची चार मशीनं, एका शाळेची लॅब, असं सगळं मिळून तिसेक. बहुतेकांवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम आहे, कारण जुन्या मशीनवर ते सुखानं चालतं. फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "भो, लटकलं." धुळ्याकडचं गिऱ्हाईक असलं तर मीच आधी विचारतो, "काय व्हयनं?" कधीपासून, त्याआधी काय चालू होतं, असं विचारलं की पलीकडून उत्तर येतं, "ते काही माहीत नाही, पण मी बंद करून परत चालू केलं." झालं. म्हणजे जे बघायचं होतं ते पुसलं गेलं.

तेच प्रश्न फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून ठेवलंय: काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून लिनक्स मशीनचं दुखणं कसं शोधायचं.

आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप कशा करायच्या?

उच्चारावरून. 'डीएफ -एच' वाचलं की डी, एफ, मग एक मोकळी जागा, आडवी रेघ, एच. सगळी अक्षरं इंग्रजी आणि छोटी, आकडेही इंग्रजी. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे मी तसं सांगितलंय. 'टॉप', 'किल', 'फ्री', 'पिंग' हे नेहमीचे इंग्रजी शब्दच आहेत, तसेच लिहायचे. लिनक्स लहान-मोठ्या अक्षरात फरक करतं आणि मोकळ्या जागेबाबतही फार काटेकोर आहे, म्हणून घाई करू नका.

उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार. तसल्या मशीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबलं की टर्मिनल उघडतं. तोच आपला काळा पडदा.

माऊसनं सगळं होत असताना हे कशाला?

पहिलं कारण फोन. "उजवीकडे वर एक चाकासारखं चिन्ह दिसतंय का? नाही, दुसरं चाक," असं करत अर्धा तास जातो. आज्ञा मात्र अक्षरागणिक सांगता येते आणि समोरच्याकडे तीच उमटते.

दुसरं कारण, मशीन इतकं अडकलेलं असतं की माऊसचा बाण हलायलाही मिनिट लागतं. अशा वेळी चित्रं काढायला ताकद न लागणारी आज्ञा तग धरते. तिसरं कारण अंतर. एसएसएच नावाचं साधन १९९५ साली फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी लिहिलं. ते वापरून मी भुसावळच्या घरातून रावेरच्या मशीनवर जातो. मोबाईलची एकच काडी असली तरी चालतं, कारण इकडून तिकडे जातात ती फक्त अक्षरं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता भुसावळहून रावेरला मोटारसायकलवर जाऊन बघा, मग या साधनाची किंमत कळेल.

मशीन हळू चालतंय. पहिली आज्ञा कोणती?

'अपटाइम'. एकच ओळ येते. किती वाजले, मशीन किती दिवसांपासून चालू आहे, किती जण आत आहेत, आणि शेवटी तीन आकडे. या तीन आकड्यांना लोड अ‍ॅव्हरेज म्हणतात: मागच्या १, ५ आणि १५ मिनिटांची सरासरी.

हे समजायला दिवाळीनंतरची जिनिंग डोळ्यांसमोर आणा. गेटवर वजनकाटा, आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. काट्यावर असलेली गाडी आणि रांगेत उभ्या असलेल्या गाड्या मिळून जो आकडा होतो, तो लोड. आता एकच काटा असेल आणि आकडा ४ असेल तर तीन गाड्या ताटकळल्यात. पण काटे चार असतील तर चारही गाड्या काट्यावर आहेत, कुणी थांबलेलं नाही. म्हणून नुसता आकडा बघून घाबरू नका. 'एनप्रोक' टाका, स्पेलिंग एन-पी-आर-ओ-सी. प्रोसेसरला कोर किती, म्हणजे आपल्याकडे काटे किती, ते कळेल.

तीन आकडे डावीकडून उजवीकडे वाचले की हालचाल दिसते. पहिला मोठा, तिसरा छोटा, तर रांग आत्ता वाढतेय. पहिला छोटा, तिसरा मोठा, तर गर्दी ओसरतेय; चहा घेऊन या, तोवर ठीक होईल.

यात एक फसगत आहे. लिनक्स या आकड्यात फक्त प्रोसेसरसाठी थांबलेले धरत नाही, डिस्कसाठी अडून बसलेलेही धरतं. त्यामुळे लोड २० दिसतो आणि प्रोसेसर मात्र आरामात बसलेला असतो. वजनकाटा मोकळा आहे, पण आत कापूस खाली करायला जागाच नाही, असं काहीसं. असं दिसलं की संशय हार्ड डिस्कवर घ्यायचा. मी पहिली दोन वर्षं हे न समजता प्रोसेसरलाच शिव्या घातल्या.

'टॉप' उघडलं, पण इतक्या आकड्यांत बघू काय?

'टॉप' ही आज्ञा चालू असलेले प्रोग्राम आणि ते किती प्रोसेसर, किती मेमरी खातात ते दाखवत राहते. वरची पाच ओळींची पाटी आधी. त्यातल्या प्रोसेसरच्या ओळीत चार अक्षरजोड्या कामाच्या: 'यूएस' म्हणजे आपले प्रोग्राम, 'एसवाय' म्हणजे खुद्द कर्नल (लिनक्सचा गाभा), 'आयडी' म्हणजे रिकामा वेळ, आणि 'डब्ल्यूए' म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ. आत्ता सांगितलेली फसगत इथेच पकडता येते. 'डब्ल्यूए' तीस-चाळीसच्या घरात असेल तर दोष डिस्ककडे.

खालच्या यादीत सगळ्यात जास्त प्रोसेसर खाणारा सगळ्यात वर. मोठं एम दाबलं की यादी मेमरीप्रमाणे लागते, मोठं पी दाबलं की परत प्रोसेसरप्रमाणे. १ दाबलं की प्रत्येक कोर वेगळा दिसतो. बाहेर यायला छोटं क्यू. एखाद्यापुढे १८० टक्के दिसलं तर मशीन बिघडलेलं नाही. तो एकापेक्षा जास्त कोर वापरतोय एवढंच.

'टॉप' १९८४ साली विल्यम लफेव्ह्र यांनी लिहिलं. त्याचा रंगीत, माऊस चालणारा भाऊ 'एचटॉप' हिशाम मुहम्मद यांनी २००४ मध्ये आणला. नवशिक्यानं एचटॉप वापरावं. पण दुसऱ्याच्या मशीनवर ते असेलच असं नाही, टॉप मात्र जवळपास सगळीकडे असतं. म्हणून मी शाळेच्या पोरांना आधी टॉपच शिकवतो, कुरकुर करतात तरी.

मेमरी सगळी भरलेली दिसते. रॅम वाढवू का?

आधी 'फ्री -एच' टाका आणि 'फ्री' नावाचा रकाना सोडून द्या. होय, सोडून द्या. त्यात आठ जीबीपैकी दोनशे एमबी दिसले की लोक रॅम आणायला जळगावला निघतात. लिनक्स रिकामी रॅम पडून राहू देत नाही. नुकत्याच वाचलेल्या फायली तिथे ठेवतं, म्हणजे परत लागल्या तर डिस्कपर्यंत जावं लागत नाही. प्रोग्रामला जागा लागली की त्या लगेच बाजूला होतात. घरात पाहुणे नसताना पाहुण्यांच्या खाटेवर कपडे पडलेले असतात ना, तसं. पाहुणा आला की कपडे उचलले.

बघायचा रकाना शेवटचा, 'अव्हेलेबल'. तो खरंच तळाला गेला असेल, आणि खालच्या ओळीत स्वॅप भरत चाललं असेल, तर मेमरी कमी आहे. स्वॅप म्हणजे रॅम पुरेना म्हणून डिस्कवर मांडलेला पसारा. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी पटींनी हळू, म्हणून मशीन गुडघ्यावर येतं.

मेमरी अगदीच संपली तर कर्नल स्वतःच एखाद्या प्रोग्रामचा बळी देतं. केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेबाचा प्रोग्राम "आपोआप बंद होतो" अशी तक्रार होती. 'सुडो डीमेसेज' टाकलं (डी-एम-ई-एस-जी, म्हणजे कर्नलच्या नोंदी; सुडो म्हणजे मालकाच्या हक्कानं, त्याबद्दल पुढे) आणि त्यात 'आउट ऑफ मेमरी'ची ओळ सापडली. कारण निघालं ब्राउझर. भावाच्या पोरानं पन्नासेक टॅब उघडून ठेवलेले. रॅम आणली नाही, पोराला समज दिली.

अडकलेला प्रोग्राम मारायचा कसा?

आधी त्याचा नंबर शोधा. प्रत्येक चालू प्रोग्रामला एक क्रमांक असतो, पीआयडी. 'पीएस एयूएक्स' टाकलं की सगळ्यांची यादी येते. ती लांबलचक असते, म्हणून तिच्यापुढे उभी रेघ देऊन 'ग्रेप' (जी-आर-ई-पी) आणि प्रोग्रामचं नाव लिहा. तेवढ्याच ओळी उरतात. याला पाइप म्हणतात: एकीकडून आलेलं पाणी दुसरीकडच्या चारीत. 'पीग्रेप -ए' आणि नाव, असंही चालतं.

नंबर मिळाला की 'किल' आणि तो नंबर. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. नाव 'किल' असलं तरी ही आज्ञा मारत नाही, निरोप धाडते. साध्या 'किल'नं १५ क्रमांकाचा निरोप जातो: "बाबा, आवरून घे." प्रोग्राम उघड्या फायली लिहून ठेवतो, दारं लावतो आणि जातो. 'किल -९' मध्ये प्रोग्रामला विचारतच नाहीत. कर्नल त्याला आहे त्या स्थितीत उचलून बाहेर फेकतं. हातातलं अर्धं काम तसंच.

ऐन हंगामात मी एकदा डेटाबेसला घाईत थेट ९ दिला. एक टेबल खराब झालं आणि आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून दिवसभराच्या पावत्या पुन्हा भराव्या लागल्या. मुनीमजी शेजारी बसून एकेक पावती वाचत होते आणि अधूनमधून नुसते माझ्याकडे बघत होते. तेव्हापासून आधी १५, मग तीसेक सेकंद थांबणं, आणि अगदीच ऐकलं नाही तर ९.

९ देऊनही जात नसेल तर 'टॉप'मध्ये 'एस' नावाच्या रकान्यात बघा. मोठं डी असेल तर तो डिस्कवर किंवा नेटवर्कच्या फोल्डरवर अडकलाय. ते सुटेपर्यंत त्याला ९ ही लागत नाही. मोठं झेड असेल तर तो झोंबी, म्हणजे आधीच मेलेला. त्याच्या पालक प्रोग्रामनं अजून नोंद घेतलेली नाही एवढंच. मेलेल्याला मारता येत नाही. मारायचं तर पालकाला.

आणि कंट्रोल-सी व कंट्रोल-झेड एकच समजू नका. सी नं काम थांबतं. झेड नं ते नुसतं गोठतं आणि मेमरी अडवून मागे बसून राहतं. 'एफजी' टाकलं की परत पुढे येतं.

डिस्क भरली असं म्हणतंय. काय काय उडवू?

लगेच काहीही उडवू नका. 'डीएफ -एच' टाका. कुठला भाग किती भरलाय ते दिसेल. ज्याच्यापुढे १०० टक्के, तो दोषी. मग त्या भागात नेमकं कोण बसलंय ते शोधायचं. मी हे वापरतो:

सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच

यातला एक्स महत्त्वाचा; त्यामुळे लावलेले पेन ड्राइव्ह आणि दुसऱ्या डिस्का मोजणीत येत नाहीत. तळाच्या ओळीत एकूण बेरीज येते, तिच्या लगेच वर सगळ्यात जड फोल्डर. मग तिरकी रेघ काढून त्याच्या जागी त्या फोल्डरचं नाव, परत तेच. दोन-तीन पायऱ्यांत मुद्देमाल सापडतो. बहुतेक वेळा तो व्ही-ए-आर फोल्डरमधल्या 'लॉग'मध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींमध्ये असतो, नाहीतर कुणाच्या तरी डाउनलोडमध्ये. लॉगसाठी 'जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज' बघा आणि मग 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=५००एम', त्यातला एम मोठा. उबुंटूवर 'सुडो एपीटी क्लीन'नंही थोडी जागा सुटते.

आता दोन गमती, ज्यांनी मला रात्र-रात्र जागवलंय.

पहिली. शाळेच्या लॅबमध्ये मोठी लॉग फाइल पुसली, तरी डीएफ म्हणे १०० टक्के. पुन्हा बघितलं, फाइल नाही, जागाही नाही. झालं असं होतं की एक प्रोग्राम ती फाइल उघडून बसला होता. लिनक्समध्ये फाइल पुसली म्हणजे यादीतून नाव खोडलं; शेवटचा वापरणारा सोडेपर्यंत जागा सुटत नाही. 'सुडो एलएसओएफ +एल१' टाकलं, एल मोठा, आणि तो प्रोग्राम सापडला. त्याला नव्यानं चालू केल्याबरोबर बारा जीबी मोकळे.

दुसरी. डीएफ म्हणतं चाळीस टक्के जागा शिल्लक, तरी नवी फाइल बनत नाही. 'डीएफ -आय' टाका. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि डिस्कवर फायली मांडायच्या नेहमीच्या ईएक्सटी४ पद्धतीत त्यांची संख्या डिस्क तयार करतानाच ठरते. लाखो चिमुकल्या फायलींनी आयनोड संपवले तर उरलेली जागा वापरता येत नाही. गोडाऊनमध्ये जागा आहे, पण आवक लिहायच्या रजिस्टरची पानं संपली.

जाता जाता: त्याच ईएक्सटी४ मध्ये ५ टक्के जागा मूळ मालकासाठी, म्हणजे रूटसाठी, राखून ठेवलेली असते. त्यामुळे हिशेब जुळत नाही असं वाटलं तर गणित चुकलेलं नसतं.

'सुडो' प्रत्येक आज्ञेपुढे लावलं तर बिघडतं का?

बिघडतं. सुडो म्हणजे तेवढ्यापुरती घराच्या सगळ्या खोल्यांची किल्ली. बघायच्या आज्ञांना ती क्वचितच लागते. 'आरएम -आरएफ' ही न विचारता पुसून टाकणारी आज्ञा; तिच्यापुढे सुडो लावायच्या आधी हात कीबोर्डवरून उचला आणि ओळ मोठ्यानं वाचा. इथे कचऱ्याचा डबा नसतो, पुसलं ते गेलं.

रिस्टार्ट केलं की बरं होतं. मग एवढं सगळं कशाला?

बरं होतं हे खरं. मेमरी झाडली जाते, अडकलेले सुटतात. पण का अडकलं होतं ते कायमचं गेलं, आणि परवा परत अडकणार. आपल्याकडे डॉक्टरकडे जायच्या आधी घरातली शिल्लक गोळी घेतात आणि डॉक्टरनं विचारलं की ताप नाही म्हणतात, तसला प्रकार.

माझी मागणी फार नाही. रिस्टार्टच्या आधी दोन मिनिटं द्या. 'अपटाइम', 'फ्री -एच', 'डीएफ -एच' आणि 'टॉप'चा एक फोटो. मग खुशाल बंद करा. जिनिंगच्या ऑफिसात दर शनिवारी संध्याकाळी मशीन अडकायचं आणि दर शनिवारी रिस्टार्ट व्हायचं, असं दोन महिने चाललं. एका शनिवारी त्यांच्या पोरानं टॉपचा फोटो काढला. बॅकअपचा प्रोग्राम एकदा नाही, तीनदा एकाच वेळी चालू होता. आधीच्या कुणीतरी तीच ओळ तीन वेळा नोंदवलेली. दोन ओळी खोडल्या, विषय संपला.

आधीच रिस्टार्ट केलं. आता काही कळेल?

थोडं कळतं. 'जर्नलसीटीएल -बी -१' मागच्या वेळच्या नोंदी दाखवतं, जर त्या डिस्कवर साठवल्या जात असतील तर. त्याच्यापुढे '-पी ईआरआर' जोडलं की फक्त चुका. शेवटच्या काही ओळी बघा. नीट बंद झालं असेल तर सर्व्हिसेस एकेक करून थांबल्याच्या ओळी असतात. वीज गेली असेल तर नोंदी मध्येच तुटतात, वाक्य अर्धवट सोडून माणूस उठून जावा तशा. बहुतेक मशीनवर 'लास्ट -एक्स' हेही सांगतं. तिथे 'क्रॅश' शब्द शोधा.

चालू असताना घडामोड बघायची तर 'जर्नलसीटीएल -एफ', किंवा एखाद्या फाइलवर 'टेल -एफ'. नवी ओळ आली की पडद्यावर येते. मला हे नदीकाठी बसल्यासारखं वाटतं. मी कधीकधी काही काम नसतानाही बघत बसतो.

वीज अचानक गेली. मशीन चालू होतं, पण 'एफएससीके' मागतं. करू?

एफएससीके म्हणजे डिस्कची तपासणी आणि दुरुस्ती. मशीन स्वतःच मागत असेल तर करू द्या. पण चालू, माउंट असलेल्या (वापरात जोडलेल्या) डिस्कवर स्वतः होऊन एफएससीके चालवू नका. तपासणाराच खराबी करून ठेवतो. पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सनं मशीन चालू करा आणि मग तपासा. ईएक्सटी४ आधी वहीत टिपून मग मूळ जागी लिहितं, म्हणून अचानक वीज जाण्यातून सहसा निभावतं. तरी यूपीएस घ्याच. वीज गेल्यावर यूपीएसच्या त्या दहा मिनिटांत 'सुडो शटडाउन -एच नाउ' टाकायचं असतं, उरलेली बिलं काढायची नसतात.

उन्हाळ्यात दुपारीच मशीन मंदावतं. व्हायरस आहे का?

पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो आणि तुम्ही व्हायरस शोधताय! 'सेन्सर्स' टाका. त्यासाठी 'एलएम-सेन्सर्स' नावाचं पॅकेज आधी बसवावं लागतं. प्रोसेसर नव्वदीच्या वर तापत असेल तर तो जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. बिघाड नाही, शहाणपणा आहे.

मग पेटी उघडा. जिनिंगच्या ऑफिसात पंख्यावर रुईचा असा थर बसतो की त्याची वात वळता येईल. दर हंगामाला एकदा, मशीन बंद करून, ब्रशनं साफ करायचा. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, हवा मारताना गरगरा फिरू देऊ नका. मशीन पत्र्याखालच्या खोलीत खिडकीशी ठेवलं असेल तर जागा बदला. आज्ञेनं ऊन हटत नाही.

डिस्कची तब्येत 'सुडो स्मार्टसीटीएल -ए' आणि डिस्कचं नाव देऊन बघता येते, हेही वेगळं बसवावं लागतं. साध्या हार्ड डिस्कमध्ये 'रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर'चा आकडा शून्यावरून वर सरकत राहिला तर त्याच दिवशी बॅकअप घ्या.

नेट गेलंय की साइट बंद आहे, ओळखायचं कसं?

घरापासून बाहेर चालत जा. 'आयपी ए' टाकून मशीनला पत्ता मिळालाय का बघा. 'आयपी रूट'मध्ये 'डिफॉल्ट'पुढे राउटरचा पत्ता असतो. त्याला 'पिंग' करा. उत्तर नाही, तर दोष वायरमध्ये नाहीतर राउटरमध्ये. उत्तर आलं तर बाहेरच्या ८.८.८.८ ला पिंग. तेही आलं, पण साइटचं नाव देऊन पिंग होत नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएसची सोय अडलीय. काही साइट पिंगला उत्तर देतच नाहीत, म्हणून एकाच नावावर निकाल देऊ नका. लिनक्सवर पिंग थांबत नाही, कंट्रोल-सी द्यावं लागतं. एकदा शाळेत तो रात्रभर चालू राहिला होता.

पिंग माइक मुस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलं. पाणबुडीचा सोनार आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट बघतो, त्यावरून नाव.

मशीनवर कोणता प्रोग्राम कुठल्या दारावर कान लावून बसलाय ते 'सुडो एसएस -टीयूएलपीएन' सांगतं.

मशीनवर आत कोण आहे?

'डब्ल्यू'. एका अक्षराची आज्ञा. कोण आहे, कुठून आलंय, काय करतंय. आधी कोण येऊन गेलं त्यासाठी 'लास्ट'.

रात्रीचा बॅकअप आपोआप कसा लावू?

'क्रॉनटॅब -ई'. पाच खाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार, मग आज्ञा. रात्री अडीचला हवा असेल तर ३० २ आणि पुढे तीन चांदण्या. दोन ठिकाणी लोक आपटतात. ठरल्या वेळी ही कामं चालवणाऱ्या क्रॉनला तुमचे नेहमीचे रस्ते माहीत नसतात, म्हणून प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहा. आणि त्या वेळी मशीन बंद असेल तर काम चुकतं. नंतर भरपाई होत नाही. संध्याकाळी बटण बंद करून जाणाऱ्या ऑफिसांत 'अ‍ॅनाक्रॉन' वापरा, ते चुकलेलं काम सकाळी उरकतं.

आमच्याकडे विंडोज आहे. यातलं काही चालेल?

'पिंग' चालतं, चार वेळा करून आपोआप थांबतं. 'टास्कलिस्ट' म्हणजे तिथला पीएस, 'टास्ककिल' म्हणजे किल, पत्ता बघायला 'आयपीकॉन्फिग', डिस्क तपासायला 'सीएचकेडीएसके'. मॅकवर टॉप, पीएस, डीएफ, डीयू आहेत, 'फ्री' नाही.

इतक्या आज्ञा लक्षात कशा राहतात? इंग्रजीही कच्चं आहे.

राहत नाहीत. वरचा बाण दाबला की आधीची आज्ञा येते, टॅब दाबलं की अर्धं नाव पुरं होतं, कंट्रोल-आर नं जुनी ओळ शोधता येते. 'मॅन' आणि आज्ञेचं नाव दिलं की पूर्ण माहिती. बाहेर यायला क्यू. 'डीएफ', 'डीयू' या आज्ञा १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून त्याच आहेत, म्हणजे एकदा शिकलेलं वाया जात नाही.

इंग्रजीचं म्हणाल तर 'ग्रेप' हा शब्द इंग्रजांनाही कळत नाही. तो एका जुन्या एडिटरच्या आज्ञेतल्या अक्षरांवरून आलाय. यावल तालुक्यातली पोरं आणि पुण्यातली पोरं इथे एकाच ओळीत उभी आहेत.

पुण्याला न जाता हे शिकता येईल का?

लिनक्स फुकट, जुनं मशीन दोन-तीन हजारात मिळतं, आणि मोडलं तर परत बसवता येतं. विप्रो अमळनेरला १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा वनस्पती तूप बनवत होती, ही गोष्ट लॅबमध्ये सांगितली की पोरं आधी हसतात, मग फोनवर शोधून खात्री करतात. शिकायचा माझा मार्ग एकच: रोज सकाळी मशीन ठीक असतानाच अपटाइम, फ्री, डीएफ बघा. ठीक असताना आकडे कसे दिसतात ते माहीत नसेल तर बिघडल्यावर काय कळणार?

तुम्हाला फोन करण्याआधी काय पाठवू?

आज्ञेनंतर मोठेपणाचं चिन्ह, उजवीकडे टोक असलेलं, आणि एक फाइलचं नाव दिलं की पडद्यावरचं सगळं त्या फाइलमध्ये जातं. पुढच्या आज्ञांना तेच चिन्ह दोनदा, म्हणजे आधीचं न पुसता खाली जोडलं जातं. 'अपटाइम', 'फ्री -एच', 'डीएफ -एच', आणि 'सुडो डीमेसेज | टेल -५०'. ती एक फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर टाका आणि सोबत एका ओळीत लिहा की अडकायच्या आधी तुम्ही काय करत होता. खरं लिहा, मी कुणाला सांगत नाही.

फाइल जमलीच नाही तर फोटो चालेल. पण मोबाईल आडवा धरा आणि फ्लॅश बंद करा. आत्तापर्यंत निम्म्या फोटोंत मला फक्त पांढरा गोळा दिसलाय.